साडूंच्या कादंबरीतली बाई

माझ्या मोठ्या साडूंनी कोल्हापुरात जेवढी माणसं मारली तेवढी कुणीच मारली नसतील; आणि जी आपली आपण मेली, त्यांना पुन्हा जिवंतही त्यांनीच केलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. बरीच वर्षं नगरसेवक, आणि वर कादंबरीकार. त्यांच्या डिजिटल बोर्डावर कायम दोन फोटो असायचे, एक हात जोडलेला आणि एक गालाला पेन टेकवलेला. पक्षातले 'हे साहित्यिक' म्हणून तिकीट देताना कां-कूं करायचे, साहित्यातले 'हे पुढारी' म्हणून व्यासपीठावर कडेची खुर्ची द्यायचे. पण कुणी नुसतं "सायब, तुमचं पुस्तक वाचलं" म्हणालं, की त्याच्या दारची गटार त्याच दिवशी साफ! वॉर्डाला हे बरोबर कळलं होतं. लोक न वाचताच रडू आलं म्हणून सांगायचे.

त्यांची खरी प्रतिभा दिसायची रक्षाविसर्जनाला. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नदीवर पुढाऱ्यानं चार शब्द बोलायची रीत आहे. गल्लीतले गिरणीवाले वारले तेव्हा साडूंनी त्यांना तरुणपणीचा नामांकित पैलवान करून टाकलं. बिचाऱ्यांनी जन्मात लाल मातीला पाय लावला नव्हता. पण बाराव्याला बघतो तर फोटोशेजारी घरच्यांनी कुठून तरी पैदा केलेली गदा! मी साडूंकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "पावणं, मेलेल्याला जरा बरं आयुष्य दिलं तर आपलं काय जातंय?"

कादंबरीत मात्र उलटा कारभार. शेवटी नायिका मरायचीच. विहीर, क्षय, साप, एकदा तर शिरोलीच्या वळणावर ट्रक. मनापासून वाचणाऱ्या एकट्या आक्का. भाकरी थापता थापता म्हणायच्या, "अवो, एकीला तरी जगवा की." त्यावर साडूंचं ठरलेलं उत्तर, बाई गेल्याशिवाय वाचक हलत नाही.

गेल्या वर्षी आक्काच गेल्या. नदीवर ही गर्दी. आता साडू काय बोलतात म्हणून सगळे कान देऊन उभे. साडूंनी हात जोडले आणि म्हणाले, "हिच्या हातची भाकरी चांगली हुती. दुसरं मला काय म्हाईतच न्हाय." आणि खाली बसले. अख्ख्या वॉर्डाला आयुष्य वाटत हिंडलेला हा माणूस, आणि घरातल्या बाईबद्दल एवढंच.

यंदा पक्षानं आपणहून तिकीट देऊ केलं तर नको म्हणाले. नवी कादंबरी चालू आहे. तीत एक बाई आहे. दूधवाल्याशी भांडते, जोतिबाला जाऊन येते, केस पिकवते, बाकी काहीच होत नाही. कधी संपणार म्हणून विचारलं तर म्हणाले, "संपवायचं भ्या वाटतंय. हाताला सवय वाईट हाय."

मी निघालो की दरवेळी उंबऱ्यात थांबवतात. लहानपणी ही कशाला भ्यायची, कुठलं गाणं गुणगुणायची, तुमच्या मंडळींना तेवढं विचारून या की, म्हणतात. माझी बायको डोळे पुसत सांगते. मी बापडा ते नीट लक्षात ठेवून पुढच्या रविवारी पोचवतो, आणि तेवढ्यावर ती बाई आणखी आठवडाभर जगते.