रशीदभाईंची बॅटरी

रशीदभाई मिस्त्री कुठंही गेले तरी चार्जिंगचं ड्रिल मशीन कमरेच्या पट्ट्याला अडकवूनच जायचे, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. भोक पाडणं हे त्या मशीनचं सगळ्यात किरकोळ काम, असं त्यांचं मत. त्याच मशीननं ते स्क्रू आवळायचे, गंज घासायचे, रंग ढवळायचे.

वाटूर फाट्यावर माझं हार्डवेअरचं दुकान. पकड, चाकू, पेचकस घडी करून बसवलेलं मल्टिटूल मी विकायचो आणि खरं मल्टिटूल हेच, असं त्यांना ठासून सांगायचो. ते म्हणायचे, "शेठ, दहा अवजारं एकात कोंबली की एक बी बराबर चालत न्हाई. अवजार एकच पायजे, कामं त्याला आपण शिकवायची."

एकदा ते आमच्या घरी फळ्या बसवायला आले होते. आई शेजारी गेलेली, भाऊ शेतात, वीज गुल. मला खुमखुमी आली. म्हटलं, एवढंच आहे तर ताक करून दाखवा. बॅटरी कमी आहे, लाईटही नाही, असं ते सांगत होते. मी हट्टाला पेटलो. शेवटी त्यांनी स्टीलच्या रवीचा दांडा मशीनच्या तोंडात आवळला आणि पातेलंभर ताक घुसळलं. लोणी आलं, मी हरलो.

आई परत आली आणि थोड्याच वेळात न्हाणीघरात पडली. लोखंडी दरवाजा, आतून कडी. हाका मारल्या तर नुसतं कण्हणं. दरवाजा बाहेर उघडणारा, धक्के मारून उपयोग नव्हता. कडीच्या तीन बोल्टांची डोकी बाहेरून दिसत होती. ती उडवली की कडी गळून पडेल, असं म्हणत रशीदभाईंनी मशीन लावलं. एक उडालं. दुसऱ्याला मशीनचा आवाज बसत चालला. ते उडालं, आणि तिसऱ्याला टोक लावताच मशीन बंद. आतलं कण्हणंही थांबलं.

दुकान लांब फाट्यावर, म्हणून शेजारपाजारून पहार शोधून आणून दरवाजा उचकटेपर्यंत पाऊण तास गेला. आई वाचली, पण डावा हात कायमचा लुळा पडला. अर्धांगाचा झटका होता, आणखी लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊ रशीदभाईंवर तुटून पडला. बॅटरी भरून ठेवता येत नाही, तर मिस्त्री कसले, म्हणाला. रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चूक माझीच हाय, दादा," ते भावाला म्हणाले. "भरून आणायला पायजे व्हती."

त्यानंतरही ते दुकानात यायचे, चहा घ्यायचे. त्या ताकाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यांना जाऊन वर्ष झालं. मला स्वतःची फार लाज वाटते. आई आजही आल्यागेल्याला सांगते, मिस्त्रीनं बॅटरी भरून आणली असती तर माझा हात वाचला असता. मी समोरच बसलेला असतो.