भिंतीचा टेकू

ओल्या चुन्याचा वास आला की मला सावली गावच्या शाळेतला माझा वर्ग आठवतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे इतिहास शिकवायचो. त्या दिवशी युरोपातल्या मध्ययुगीन गॉथिक चर्चचं चित्र मुलांना दाखवत होतो. उंच भिंती, टोकदार कमानी आणि बाहेरून त्या भिंतींना टेकलेल्या दगडी अर्धकमानी. "या अर्ध्या कमानी काऊन बांधल्या, गुरुजी?" एका मुलीनं विचारलं. मला माहीत नव्हतं, तरी ठोकून दिलं, "शोभेसाठी." वर्गात चुना मारायला आलेले एक म्हातारे गवंडी हात थांबवून चित्र पाहत होते. ते म्हणाले, "शोभेचं नाई, गुरुजी. वरचा भार भिंतीले बाहेर ढकलते, म्हणून टेकू देल्ला. आपण पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीले लाकडाची बल्ली लावतो, तसाच." पोरं हसली. मी तडकलो, "तुम्ही तुमचं काम करा." ते पुन्हा चुना मारू लागले. घरी जाड पुस्तक उघडलं, तर त्यांचंच खरं निघालं. तरी दोन दिवस मी वर्गात चूक कबूल केली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना शोधत गेलो, तर काम संपवून ते निघून गेले होते. माझ्या खुर्चीमागची भिंत बाहेरच्या अंगानं फुगली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. जाण्याआधी आवारात पडलेले दगड आणि उरलेला चुना वापरून त्यांनी तिला बाहेरून एक तिरपा टेकू बांधून दिला होता. निवृत्त होईपर्यंत मी त्याच भिंतीला पाठ टेकून शिकवलं.