उजवा कौल

माझ्या नवऱ्याच्या पायांवर निळे डाग दिसले तेव्हा तो म्हणाला, "टेबलाचा कोपरा लागला असेल." कुठल्या टेबलाचा? आमच्या विक्रोळीच्या घरात टेबलच नाही, जमिनीवर बसून जेवणारी माणसं आम्ही. तरी मी म्हटलं, ऑफिसातलं असेल. मग हिरड्यांतून रक्त आलं, ताप आला आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. तोही झपाट्याने वाढणारा.

पहिल्या केमोने कमाल केली. वॉर्डातून घरी आला तेव्हा हाडांतल्या मॅरोमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसत नव्हत्या. सासूबाईंनी चाळभर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू?

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आणि माझ्या दिराला बोलावलं. आजार कळला तेव्हाच्या मॅरोवर त्यांनी आणखी एक तपासणी करून घेतली होती.

"जनुकं सगळ्याच पेशींत असतात," त्या म्हणाल्या. "त्यातली कुठली जोरात काम करतायत आणि कुठली गप्प बसलीयत, ते यात मोजतात. काही ठरावीक जनुकं जोरात असली की आजार उलटायची भीती जास्त. तुमची फार जोरात आहेत."

"पण आता तर काही दिसत नाही ना?" नवरा म्हणाला.

"दिसत नाही म्हणून गेलंय असं नाही. भावाचा मॅरो जुळतोय. बरे आहात तोवर ट्रान्सप्लांट करून घ्या. हा अंदाजच आहे, पण मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते."

बेडही मिळाला, गणपतीच्या आधीचा.

घरी आलो तर सासूबाई हसतमुखाने दारात उभ्या. त्यांनी गावी फोन करून ग्रामदेवतेला कौल लावायला सांगितला होता. आमच्याकडे अडलंनडलं की हेच. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"उजवो दिल्यान!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या झिलाक बरा वाटतला काय म्हणून इचारलंय. आता खयची काळजी? गणपती होवंदेत, मगे बघूया."

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, बरं तर त्यांना आत्ताच वाटतंय! परत उलटेल का, ते कुठे विचारलंत?"

"देवाची उलटतपासणी करतंस?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "राहू दे ना यार. एकदा मखर बघतो, मग काय कापायचं ते कापा." ट्रान्सप्लांटमध्ये कापाकापी नसते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घाबरला होता, म्हणून आईच्या देवामागे लपत होता. त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. बेड दुसऱ्या कुणाला गेला.

घरात मखराची मापं निघू लागली. तो खायचा, हसायचा, शेजाऱ्यांशी क्रिकेटवर भांडायचा. त्याचं ते ठणठणीत असणंच मला खायला उठायचं. आतमध्ये काय जोरात चाललंय ते बाहेर कळायला काही मार्गच नव्हता. मी त्याच्या अंघोळीनंतर चोरून त्याचे पाय बघायचे.

शेवटी मीच गुरवाला फोन लावला. आधी तो ऐकेना. दिलेला कौल परत मागत नाहीत म्हणाला. "परत कुठे मागतेय? माझा प्रश्न वेगळा आहे," मी म्हटलं. "आत्ताच दवाखान्यात न्यायचं का, एवढंच विचारा." सासूबाईंना मुद्दाम शेजारी बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारला. सासूबाईंनी माझा हात धरला होता. पाकळी पडली एकदाची, उजवीच.

त्या ताडकन उठल्या आणि स्वतः त्याची बॅग भरायला लागल्या. मखराचा थर्माकोल माळ्यावर गेला. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून दुसरा बेड मिळवला. मला वाटलं, सुटलो.

निघायच्या सकाळी तो शर्ट घालत होता. दंडाच्या आतल्या बाजूला मला निळा डाग दिसला. जांभळाएवढा. मी बोट ठेवलं. दुखत नव्हता.

"दाराची कडी लागली असेल," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.

बाहेर सासूबाई नारळ घेऊन देवापुढे उभ्या होत्या. "बा देवा म्हाराजा, तुझ्याच सांगण्यान लेकराक न्हेतंय, सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा..."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. मी त्याच्या बाहीकडेच बघत राहिले. तो मात्र माझ्या शेजारी उभा राहून, आईला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"