रामधननं तपासलं होतं

ड्रोन हातात घेतला की रामधन राठोड आधी डोळे मिटायचा. मग एकेका पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख अलगद फिरवायचा, मुळापासून टोकापर्यंत आणि टोकापासून परत मुळापर्यंत. चार पाती, प्रत्येकाच्या दोन्ही कडा. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. "डोळ्याला समदं चांगलंच दिसते, सर," तो म्हणायचा. "खरं काय ते नखाला कळते."

सेनगावला बसस्थानकामागे पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. मी पुसेगावच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवतो. हौसेनं घेतलेला माझा ड्रोन तुरीच्या शेतात पडला, त्याची एक मोटर फिरेना, म्हणून कुणीतरी मला रामधनकडे पाठवलं. त्यानं तोवर ड्रोन जवळून पाहिलाही नव्हता. त्यानं मोटर बोटानं फिरवली, कानाशी धरली आणि म्हणाला, "माती खाऊन राहिली." दातांच्या जुन्या ब्रशनं त्यानं ती साफ केली आणि ड्रोन उडाला.

वर्षभरात हिंगोली-कळमनुरीकडचे आम्ही आठ-दहा हौशी लोक त्याची कायमची गिऱ्हाइकं झालो. त्याचा स्वभाव मात्र गिऱ्हाईक टिकवणारा नव्हता. कळमनुरीचे एक डॉक्टर नवाकोरा ड्रोन दाखवायला आले होते. रामधननं बॅटरी काढून गुळगुळीत फरशीवर ठेवली आणि बोटानं टिचकी मारली. सपाट बॅटरी जागीच अडते. ही गरगर फिरली.

"फुगली हाय. वापरू नका."

"अहो, मागच्या महिन्यात घेतलीये!"

"तुमच्याकडं बिमार माणूस आला, तर तरणा हाय म्हणून वापस पाठवता का?"

डॉक्टर चिडून निघून गेले आणि पुढच्या आठवड्यात नवी बॅटरी घेऊन परत आले. त्यांना तो हसला नाही. चहा मात्र त्यानं मागवला.

त्याचे दोन नियम होते. उडवल्यावर आधी मिनिटभर माणसाच्या उंचीवर धरायचा आणि आवाज ऐकायचा. आणि माणसांच्या डोक्यावरून कधीच न्यायचा नाही. मी एकदा म्हणालो, "रामधन, एवढं काही होत नसतं." तो शांतपणे म्हणाला, "झालं न्हाई तवर होत नसतेच, सर."

शाळेच्या क्रीडा महोत्सवाला संस्थेच्या अध्यक्षांना वरून चित्रण हवं होतं. मैदानात मुलं रांगेत उभी, पाहुणे मंडपात बसलेले. मी रामधनला सकाळीच बोलावून घेतलं होतं. तिसऱ्या पात्यावर त्याचं नख थांबलं. पातं मुळाशी केसाएवढं चिरलं होतं. मला तर ते दिसतही नव्हतं.

"दुकानात नवी जोडी हाय. तासाभरात घेऊन येतो. तवर याला हात लावू नका."

तो मोटरसायकलला किक मारून गेला. वीस मिनिटांनी अध्यक्ष माझ्याजवळ आले. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. "सर, एवढं एक काम सांगितलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणत मी ड्रोन उडवला, आणि मिनिटभर खाली न धरता थेट रांगांवर नेला.

पातं तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. ड्रोन तिरका होत आठवीच्या रांगेत कोसळला. पूजा चव्हाण नावाची मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसली. तिला नांदेडला नेलं. डावा डोळा वाचला नाही.

रामधन नवी पाती घेऊन परतला तेव्हा मैदान रिकामं होतं.

चौकशीत माझ्यासमोर एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'उड्डाणापूर्वीची तपासणी रामधन राठोड यांनी केली होती.' वाक्य खोटं नव्हतं. त्याच्यापुढचं वाक्य मी लिहिलं नाही, सही केली. रामधनला बोलावलं तेव्हा सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, "सर, मी जाताना तुमाला काय म्हणलो व्हतो?" मी टेबलाकडे बघत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पूजा त्याच्याच तांड्यावरची होती. तिचा बाप, शामराव, रामधनचा लहानपणापासूनचा सोबती. त्या दिवसानंतर तांड्यावर कुणी रामधनशी सरळ बोललं नाही. हौशी लोक दुसरीकडे जाऊ लागले. मोटारी घेऊन येणारे शेतकरीसुद्धा, "ज्याच्या चुकीनं पोरीचा डोळा गेला तो ह्योच का?" असं एकमेकांना विचारत. दुकान बंद झालं. माझी नोकरी कायम झाली.

दोन वर्षांनी मी तांड्यावर गेलो. तो बाजेवर बसून होता, गालफडं बसलेली. मी म्हणालो, "रामधन, चूक माझी होती."

"ते मला काहून सांगून राहिले?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मला तर ठाऊकच हाय. चार घरं सोडून शामराव राहते. त्याला सांगा."

मी उठलो. शामरावचं दार उघडं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी त्या दारावरून तसाच फाट्याकडे चालत गेलो.

गेल्या उन्हाळ्यात रामधन कावीळ होऊन गेला. अंत्यविधीला माणसं थोडी होती. शामराव लांब लिंबाखाली उभा होता. विधी आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला, हात जोडले आणि म्हणाला, "त्यानं तुमच्या शाळेचं नाव घालवलं, तरी तुमी आले, सर. लई मोठं मन हाय तुमचं."

मी पूजाची चौकशी केली. कॉलेजला जाते म्हणाला.

मग त्यानं मला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत बोलायला भरपूर वेळ होता.