खुंटीवरचा ढोल

गडचिरोलीकडच्या आमच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाची किल्ली ज्या भाऊंकडे असते, ते कुठल्याच वस्तूबद्दल ‘होती’ म्हणत नाहीत. गावकऱ्यांनी घरून आणून दिलेल्या जुन्या वस्तू दाखवताना ते सांगतात, "या टोपलीत मोहफुलं वेचतेत. हा ढोल लग्नात वाजवतेत." मी शाळेत व्याकरण शिकवतो. त्यामुळे दर खेपेला मनातल्या मनात त्यांचं ‘वाजवायचे’ करून टाकतो.

परवा शहरातून आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम तो ढोल दाखवायला नेलं, तर खुंटी रिकामी. खाली भाऊंच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘लग्नाले गेला.’

"भाऊ, संग्रहालयातली वस्तू अशी बाहेर देतात का?" मी चिडूनच विचारलं.

"ज्यानं ढोल देला त्याच्याच नातीचं लगन हाये, गुरुजी. मंग ढोल इथी काऊन बसन?"

एवढं बोलून त्यांनी पाहुण्यांना मांडवाची वाट दाखवली. पाहुणे खुशीत निघालेसुद्धा.

चिठ्ठी शुद्ध करायला मी खिशातून पेन काढलं. ‘लग्नाले’ तसंच राहू दिलं आणि ‘गेला’च्या पुढे फक्त ‘हाये’ लिहिलं.