वच्छलानं पाजलेलं पाणी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली बोरी अरब गावात जो तो पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरायच्या घाईत होता. वखराच्या लोखंडी पासांना धार काढून त्यांना पाणी पाजायला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करून घ्यायला, उकंडा लोहाराकडे गर्दी झाली आणि नेमकं त्याचं उजवं मनगट मुरगळलं. मग वीस वर्षं घण मारणारी त्याची बायको वच्छलाच ऐरणीपुढं बसली.

तांड्यावरचा सेवादास कुरकुरला, "बाईनं पाजलेलं पानी टिकन काय गा, उकंडा? पास फुटली तं मी वखरू कायनं?"

वच्छलानं तापल्या पासेची नुसती धार पाण्यात बुडवून बाहेर काढली आणि तिच्यावर गव्हाळ रंग चढायची वाट बघत बसली.

"बुडव आता पुरी! पाहून काय राह्यली?" उकंडा ओरडला.

"मांगच्या साली अशाच घाईनं तुमी दोन पासा फोडल्या," म्हणत तिनं रंग चढल्यावरच पास पुरती बुडवली.

आठ दिवसांनी सेवादास आणखी दोन पासा घेऊन हजर. "वयनी, दगडाले लागली, तं दगडच फुटला!"

"शिकवलं कोनं तिले?" उकंडानं छाती फुगवली.

"तुमच्या चुकाईनं," वच्छला हसली. "आता डाव्या हातानं भाता ओढा."

अन् उकंडा हसत हसत भाता ओढू लागला.