रुमालाखालचा संशय

“जाधव, ‘रुमालाखाली संशयास्पद हस्तांतरण’ म्हणजे नेमकं कशाचं हस्तांतरण झालं?” मॅडमनी माझ्या रिपोर्टवर पेन्सिल टेकवली.

नव्वदच्या दशकातली मंत्रालयातली ही सुनावणी. मी तेव्हा नवी मुंबईत सब-इन्स्पेक्टर होतो. पिस्तुलाचं लायसन्स आमचं आयुक्तालय द्यायचं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागे आणि त्यावर सरकारकडे अपील करता येई. अपिलं गृहखात्यातल्या सचिव मॅडम ऐकत.

अपील जगन्नाथशेठचं होतं. वाशीच्या एपीएमसी बाजारातले आंब्याचे व्यापारी, मूळचे साताऱ्याकडचे. रोकड घेऊन घरी जाताना त्यांना चाकू दाखवून लुटलं होतं. तळहातावरचे टाके मी स्वतः पाहिले होते. तरी माझ्या रिपोर्टमुळे लायसन्स नाकारलं गेलं. ते आजही मनाला लागतं.

“वस्तू दिसली नाही, मॅडम. पण शेठनी आणि एका गिऱ्हाइकाने रुमालाखाली हात घातले. आजूबाजूला सगळे गप्प.”

“तुम्ही चौकशी केलीत?”

“अर्जाच्या पडताळणीसाठी मी साध्या वेशात बाजारात गेलो होतो. ओळख उघडी पडली असती.”

शेठना राहवेना. “अवो सायेब, पायात पोलिसाचे बूट व्हते! सगळ्यांनी वळखलं, म्हणून तर गप्प बसले.”

मग त्यांनी समजावलं. बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळत नाही.

“करून दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

शेठनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला आणि माझी बोटं चाचपली. घाबरून मी त्यांचा हात घट्ट आवळला.

“हात आवळला म्हंजी भाव कबूल. झाला सौदा!” शेठ ओरडले.

“जाधव, यांनी तुम्हाला काय दिलं?”

“काहीच नाही, मॅडम.”

“मग झालं काय?”

“मी... बहुतेक आंब्याची पेटी विकत घेतली.”

मॅडमनी स्टेनोकडे पाहिलं. “हे रेकॉर्डवर घ्या.”

नकार रद्द झाला. ‘संशयाला आधार हवा,’ एवढंच कारण ऑर्डरमध्ये होतं. प्रकरण फेरविचारासाठी आमच्याकडे परत आलं आणि शेठना लायसन्स मिळालं. पेटी माझ्या घरी आली, बिलासकट. शेठनी एक रुपया सोडला नाही. बरंच झालं, नाहीतर लाचेची दुसरी चौकशी लागली असती.

त्यानंतर ‘संशयास्पद’ लिहिण्याआधी मी त्या माणसालाच विचारू लागलो. माझे रिपोर्ट निम्म्याने लहान झाले. वरिष्ठांना वाटलं, मी कामचुकार झालो.